टोकियोतल्या मराठी मंडळींचे ईमेल: कोजागरी रद्द, आणि शनिवारच्या वादळाबद्दल

प्रेषक: सचिव
शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०१९, दुपारी १२.४०

मंडळी,
उद्याची कोजागरी रद्द. वादळामुळे शनिवारी गाड्या ठरवून बंद ठेवणार आहेत, येणार कसं? रग्बी वर्ल्ड कपचे दोन सामनेसुद्धा काल रद्द झाले, तिथे आपल्या मसाला दुधाचं काय घेऊन बसलात.

जपानच्या हवामान खात्याने आज सकाळच्या पत्रकार परिषदेत १९५८ च्या कानोगावा वादळाचं नाव घेतलं. त्यात बाराशेहून जास्त माणसं गेली होती. ही मंडळी उगाच घाबरवणाऱ्यातली नाहीत. कुंड्या, कपडे वाळत घालायच्या काठ्या आत घ्या. टब भरून ठेवा, फ्लशला लागेल. आमच्याकडे सुपरमार्केटातला ब्रेड आणि काचांना लावायची टेप, दोन्ही संपलंय.

प्रेषक: निशिकासाई, नववा मजला
दुपारी २.०५

दादा, पाणी काही नवव्या मजल्यावर येत नाही. शिवाय टोकियोच्या उत्तरेला कासुकाबेला पुराचं पाणी घेणारा तो भलामोठा भूमिगत हौद आहेच की. सरकारने एवढी तयारी केली असताना दोन वर्षांच्या लेकीला घेऊन आसऱ्याच्या शाळेत झोपायला कशाला जायचं?

प्रेषक: काकू, हिराई
दुपारी ३.२०

अगं, इथल्या नद्यांच्या कामातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून जरा लांबण लावते.

कासुकाबेचा हौद लहान नद्यांचं पाणी घेतो आणि पंपाने एदोगावा नदीत सोडतो. आपल्या उशाशी आहे ती अराकावा. १९१० च्या पुरानंतर मुद्दाम खोदलेली, १९३० मध्ये पुरी झाली. तिचा बांध फुटला तर हौद काय करणार? आपल्या एदोगावा वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. आत शिरलेलं पाणी आपणहून बाहेर जात नाही, उपसावं लागतं, दोन आठवडेसुद्धा लागू शकतात. नवव्या मजल्यावर पाय कोरडे राहतील, पण वीज, लिफ्ट, संडास? गेल्याच महिन्यात वादळाने शेजारच्या चिबात आणि आसपास मिळून नऊ लाखांवर घरांची वीज गेली होती. चिबातल्या आपल्या लोकांना विचार, उकाड्यात कसे दिवस काढले ते.

मे महिन्यात वॉर्डाने पुराचा नकाशा काढला, त्याच्या मुखपृष्ठावरच छापलंय की इथे राहू नका. ज्यांना कर भरतो तेच असं सांगतात, याचं मला तेव्हा हसू आलं होतं. पण खरं बोलणारी नगरपालिका किती जणांच्या नशिबी असते?

त्यात पौर्णिमेचं उधाण. भरती आणि पाऊस एकत्र म्हणजे काय, हे मुंबईकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता.

सरकार इशारा देतं, दारात न्यायला कोणी येत नाही. इशाऱ्याची पातळी ४ म्हणजे धोक्याच्या भागातल्या सगळ्यांनी निघायचं. ५ म्हणजे उशीर झाला. गाड्या चालू आहेत तोवर पश्चिमेला, उंचावर जा. कोणाकडे जागा आहे?

प्रेषक: मिताका, पश्चिम टोकियो
दुपारी ३.३१

आमच्याकडे. गाद्या आहेत, लेकीची खुर्चीही आहे. जेवायलाच या.

प्रेषक: सचिव
शनिवार, १२ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

तातडीचं. वॉर्डाने शिन-नाकागावा नदीच्या पश्चिमेला घर सोडण्याचा सल्ला दिलाय, पातळी ४. सुमारे ४ लाख ३० हजार लोक त्यात येतात. निशिकासाई, फुनाबोरी, हिराई, सगळे. फोनवर वाजतोय तो इशारा हाच, जपानीत आहे म्हणून बाजूला सारू नका. शाळा उघडल्यात. रेसिडेन्स कार्ड, औषधं, पांघरूण घ्या. फोन लागेना झाले तर १७१ वर निरोप ठेवता येतो. जे अजून घरी आहेत त्यांनी मजला आणि माणसं कळवा.

प्रेषक: निशिकासाई
सकाळी १०.२२

आम्ही रात्रीच मिताकाला आलो. काकू, तुम्ही कुठे?

प्रेषक: काकू
सकाळी १०.५०

शाळेत, तिसऱ्या मजल्यावर. येणाऱ्यांनी एक्स्टेन्शन कॉर्ड आणा, वर्गात प्लग एकच आहे. आणि बूट पिशवीत घालून वर न्या, खाली ठेवू नका.