घरच्या बियांचा दुधी कडू निघाला, सामूहिक परसबागेसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, सातारा जिल्हा. बचत गटातल्या अकरा जणी मिळून विहिरीजवळच्या पाच गुंठ्यांत भाजी करतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आठवडी बाजार बंद झाले. शिवारात टोमॅटो सडत होता आणि घरात करायला भाजी नव्हती, कारण माल सगळा बाहेर जाणारा आणि खायची भाजी बाजारातून येणारी. तेव्हा ठरवलं, निदान घरापुरतं गावातच पिकवायचं.

पिकवायला जमतंय, अडलंय ते बियाण्यावर. संकरित बी घेतलं की दर हंगामाला नवं पाकीट आलंच, त्याचं बी धरलं तर पुढची झाडं एकसारखी येत नाहीत. म्हणून गावरान बी राखायला लागलो. वाघ्या घेवड्याची काळजी नाही, तो आमच्याकडे घरोघरी आहे. घोळ घातला वेलभाज्यांनी. यंदा दुधीच्या दोन वेलांची फळं कडूजहर निघाली, दिसायला मात्र बाकीच्यांसारखीच. आता निम्म्या जणी म्हणतात, पाकीटच आणा.

ओढ्याकडेला कडू भोपळ्याचे वेल आहेत, त्याचा हा परिणाम असेल का? एवढ्याशा जागेत बी शुद्ध कसं राखायचं? आणि जादा बी बाजारात विकलं तर परवाना लागतो का? (वाटपावरूनही कुरबुर आहे. राबणाऱ्या सहा, पिशवी घेऊन येणाऱ्या अकरा!)

प्रतिसाद १

ताई, आधी महत्त्वाचं: कडू दुधी कुणी चवीपुरताही खाऊ नका, रस तर मुळीच नको. त्यातल्या विषारी द्रव्याने उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात जातो. चिरल्यावर कणभर जिभेला लावून बघायचं आणि थुंकायचं.

संशय ओढ्यावरच्या वेलांवरच. कडू भोपळा आणि दुधी एकाच जातीचे, कीटक इकडचा पराग तिकडे नेतात. संकर झाला त्या वर्षी फळ गोडच लागतं, कडवटपणा त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी उतरतो, म्हणून पत्ता लागत नाही. यंदाच्या फळांचं बी धरू नका.

ओढ्यावरच्या वेलांपासून पुरेसं लांब लावायला जागा मिळणार नसेल तर हाताने परागीकरण करा. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. त्या संध्याकाळी उमलणार अशी नर-मादी फुलं हेरून दुपारीच दोऱ्याने हलकी बांधायची. संध्याकाळी नर फूल मादीवर फिरवायचं, मादी पुन्हा बांधायची आणि देठाला रंगीत चिंधी लावायची. चिंधीचं फळ वेलावरच वाळू द्यायचं, वाटणीत धरायचं नाही. चवळी-घेवड्याला हा खटाटोप लागत नाही, त्यांचं परागीकरण बहुतेक फुलातल्या फुलातच होतं.

प्रतिसाद २

विक्रीचं सांगतो. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 च्या कलम 39 नुसार शेतकरी आपलं बी राखू, पेरू, देऊ-घेऊ आणि विकूही शकतो. ब्रँडचं लेबल लावून संरक्षित (म्हणजे या कायद्याखाली नोंदलेल्या) वाणाचं बी विकायला मात्र मनाई आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्याची बँक उभी केली, 2020 ची पद्मश्री त्यांना याच कामासाठी. जमलं तर गटाने एकदा जाऊन या.

वाटपाचं म्हणाल तर सावड करतो तसा हिशेब ठेवा. हजेरीची वही, ज्याचे खाडे त्याचा वाटा कमी. पण म्हाताऱ्या आणि बाळंतिणींचा वाटा आधी बाजूला काढा, नाहीतर गट फुटतो. आणि हो, ती जागा कुणाची?

धागाकर्ती

जागा गटातल्याच एका काकूंची, तोंडी बोलीवर दिलेली. कागद करायला हवा, कळतंय. ओढ्याचे वेल आपल्या हातात नाहीत, पण दोरा बांधायचं काम दोघींनी घेतलंय. यंदाचं दुधीचं बी सगळं टाकतोय, तर कुणाकडे खात्रीचं गावरान बी असेल का? बदल्यात वाघ्या घेवडा देऊ.