२१ वर्षं डीटीपी केलं, आता लाइन बदलायची का?

पानजुळणी:

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, थोडं लांबलंय.

वय ४४. २००४ पासून पुण्यात पेठेतल्या एका प्रेसमधे डीटीपीला आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं जुळवायचं काम. पेजमेकर आणि श्रीलिपीच्या जुन्या मराठी फाँटवर शिकलो, मग कोरल, आता इनडिझाइन, ही सगळी पानं लावायची सॉफ्टवेअरं. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, प्रबंध, दिवाळी अंक, सगळं केलं. अंकांच्या सीझनला रात्री दोन-दोनपर्यंत बसायचो, तेव्हा आम्ही बावीस-तेवीस जण होतो, आता नऊ उरलोय. पत्रिका लोक मोबाईलवर करतात आणि व्हॉट्सअ‍ॅपला टाकतात, लेखक फोनमधे बोलून टाइप करूनच आणतात. दिवाळीनंतर मालक म्हणाले आठवड्यातून चारच दिवस या, त्यामुळे साडेएकोणीसचे तेरा हजार झाले. माणूस वाईट नाही हो, त्यांच्याकडेच काम नाही.

मुलगी अकरावीला आहे. बायको ब्लाउज शिवते, सध्या किराणा तिच्या शिलाईतूनच निघतो. मेहुणा बार्शीला असतो, तो मागे लागलाय की दाजी पीएफ काढा, आपण लाकडी घाणा टाकू, शुद्ध तेलाला लय मागणी आहे. पीएफ दोन लाख ऐंशीच्या आसपास आहे. दुसरं काहीच नाही.

परवाचं सांगतो म्हणजे कामाची हालत कळेल. एक निवृत्त शिक्षक १८० पानांचं आत्मचरित्र पेनड्राइव्हवर घेऊन आले, सगळं फोनवर बोलून टाइप केलेलं. मालक म्हणाले फक्त सेट करून दे. उघडून बघतो तर 'दऱ्याखोऱ्या'चं सगळीकडे 'दर्याखोर्या' झालेलं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर', रफार नको तिथे डोक्यावर चढलेला, अनुस्वार कुठे आहे कुठे नाही, आणि इनडिझाइनमधे घेतल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसली. तीन दिवस बसून एकेक ओळ सरळ केली. पानाला १२ रुपये सेटिंगचे लावले, दुरुस्तीचे शून्य. सर प्रूफ बघून म्हणाले, माझ्या आईची भाषा जशीच्या तशी आली. मला बरं वाटलं, पण घरी जाताना हाच हिशोब डोक्यात फिरत होता.

तर प्रश्न असा की घाणा टाकू का? का काही नवीन शिकू? या वयात जमेल का? ज्यांनी लाइन बदललीय त्यांनी खरं खरं सांगा.

घाणेवाला_लातूर:

दादा माझा घाणा आहे, सहा वर्षं झाली, म्हणून आकड्यातच सांगतो.

शेंगदाणा १० किलो घातला तर ४ किलोच्या आसपास तेल निघतं, लिटरमधे साधारण ४.४. करडईला त्याहून बरंच कमी. शेंगदाणा १२० नी धरा, १२०० झाले. पेंड साडेपाच किलो, ४० नी गेली तर २२० परत. म्हणजे लिटरला २२०-२२५ नुसता मालाचा खर्च, त्यावर लाइट, बाटली, भाडं, पोरगा ठेवला तर त्याचा पगार. मी ३२० नी विकतो. घरात वीस हजार यायचे तर महिन्याला साडेतीनशे-चारशे लिटर जायलाच पाहिजे. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन-चार लिटर तेल लागतं, म्हणजे कायमची बांधलेली १००-१२५ घरं हवीत. ही घरं जोडायला मला अडीच वर्षं लागली, तोवर गावाकडची सहा एकर होती म्हणून निभावलं.

अजून एक, तेल काढलं की लगेच विकता येत नाही, निवळायला तीन-चार दिवस ठेवावं लागतं. सुट्टं तेल विकायला कायद्याने परवानगी नाही, पॅक करूनच द्यायचं, अन्न परवाना आधी काढायचा. आणि हंगामात माल भरून ठेवला तरच परवडतं, म्हणजे मशिनएवढेच पैसे परत मालात अडकतात. मशिनवाला हे सांगत नाही.

धंदा चांगला आहे, मी मनापासून करतो, सकाळी ताज्या तेलाचा वास सुटला की रस्त्यावरचा माणूस थांबतो. पण तुमचे सगळे पैसे एका दमात त्यात घालू नका. मेहुण्याला म्हणावं आधी बार्शीच्या एखाद्या घाण्यावरून ५० डबे आणून पुण्यात ओळखीत विकून बघू. तीन महिन्यात त्याच घरांनी परत मागितलं तर पुढचं बोलू.

सातारकर:

मी प्रेस सोडून आठ महिने डिलिव्हरी केली. पैसे रोजचे रोज दिसतात पण पेट्रोल आणि गाडीचं काम काढलं की फार उरत नाही, आणि पंचेचाळिशीत कंबर बोलते. अडचणीत दोन-तीन महिने ठीक, लाइन म्हणून नको.

काना_मात्रा:

दादा, तुम्ही प्रश्न घाण्याचा विचारलात पण उत्तर तुमच्या त्या 'दऱ्याखोऱ्या'च्या परिच्छेदात आहे असं मला वाटतं.

मीही डीटीपीतलीच, कोल्हापूरची, १४ वर्षं केलं. २०१९ ला प्रेस बंद झाली तेव्हा मीही पोळीभाजी केंद्राचा विचार करत होते. मग एका प्रकाशकांनी विचारलं की आमची जुनी ४० पुस्तकं जुन्या फाँटमधे अडकलीत, नवीन आवृत्ती काढायचीय, ई-बुक करायचंय, पण फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. जुन्या फाँटमधे मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असायची हे तुम्हाला मी काय सांगणार. कन्व्हर्टरमधून काढलं की नव्वद टक्के येतं, उरलेल्या दहा टक्क्यात जोडाक्षरं, अवतरणचिन्हं, पोटफोड्या ष आणि र्‍हस्व-दीर्घाचा घोळ. ते दहा टक्के ज्याला दिसतात तोच माणूस त्यांना पाहिजे असतो, आणि नवीन मुलांना श्रीलिपी येत नाही, जुन्यांना युनिकोड, म्हणजे आताची सगळीकडे चालणारी मराठी, येत नाही. तुम्हाला दोन्ही येतं.

वेलांटीचं म्हणाल तर इनडिझाइनमधे पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा, सीएस६ पासून आहे ते. तो नसेल तर युनिकोड मराठी अशीच फुटते. टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका, पंधरा दिवस हात अडखळतो मग बसतो. ई-बुकसाठी सिजिल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फाँट मुक्ता वापरला तरी चालेल, तोही फुकट.

आता वाईट बाजू. पहिले सहा महिने मला महिन्याला चार-पाच हजारच मिळाले. प्रकाशक पैसे उशिरा देतात, म्हणून निम्मे आधी घ्यायचे, नाही म्हटलं तर काम नाही घ्यायचं, मी दोनदा फसलेय. पण मुख्य गोष्ट ही की सेटिंगचा दर वेगळा आणि दुरुस्तीचा दर वेगळा लावायला शिका. त्या सरांचं तीन दिवसाचं काम तुम्ही फुकट दिलंत, आणि आईची भाषा जशीच्या तशी आली असं ते म्हणाले ते त्याच कामाबद्दल.

पीएफवाले_काका:

थोडं कागदाचं बोलतो. रागाने किंवा भिडेने राजीनामा लिहून देऊ नका. २१ वर्षं नोकरी झालीय, तुमची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची रक्कम, बसते. शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक १२००० धरला तर १ लाख ४५ हजार होतात. तुमच्याकडे आधी वीसच्या वर माणसं होती, आता नऊ राहिली म्हणून हक्क जात नाही. मात्र हिशोब शेवटच्या पगारावर होतो, म्हणून चार दिवसांची व्यवस्था पगारपत्रकावर कशी दाखवलीय ते आजच बघा, बेसिकच खाली आणला असेल तर तुमचं नुकसान आहे, मालक चांगले आहेत म्हणताय तर समोर बसून बोला.

दुसरं, १० वर्षांच्या वर सर्व्हिस आहे म्हणजे पेन्शनचा भाग वेगळा, तो काढता येत नाही, ५८ ला पेन्शन सुरू होते. दोन लाख ऐंशीत तो धरलाय का ते पासबुकात तपासा. आणि मुलीची बारावी तोंडावर असताना पीएफ मशिनीत घालू नका हो.

पानजुळणी:

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला सगळं वाचून दाखवलं, १००-१२५ घरांचा हिशोब ऐकून ती म्हणाली आपल्याला पुण्यात ओळखीची घरं वीससुद्धा नाहीत. मेहुण्याला फोन केला, आधी रुसला, मग म्हणाला दहा डबे पाठवतो, बघा तर.

काकांनी सांगितलं तसं पगारपत्रक बघितलं, बेसिक तोच आहे, हजेरीचे दिवस कमी दाखवलेत. पेन्शनचा भाग मी त्यात धरला होता, ते चुकलंच, हातात येणारे सव्वादोनच आहेत.

काना_मात्रा ताई, वर्ल्ड-रेडी लावून बघितलं. वेलांटी जागेवर बसली. २१ वर्षं या धंद्यात असून हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आठवड्याचे तीन दिवस मोकळेच आहेत, त्यात इनस्क्रिप्ट सुरू करतोय. त्याच सरांचे मित्र त्यांचा कवितासंग्रह घेऊन येणार आहेत, ते काम मालकांना विचारून घरी घेतोय. दुरुस्तीचा दर पानावर लावायचा का शब्दावर? आणि कवितेला पान अर्धं रिकामं असतं, तिथे तुम्ही कसं धरता?