अनुभव धागा: नव्वदीच्या सुरुवातीची डान्सची गाणी आणि त्यातले आवाज

१९९२ चा पावसाळा. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये नुकतीच केबल आली होती आणि तिच्यावरून एमटीव्ही. स्नॅप या ग्रुपचं 'रिदम इज अ डान्सर' लागलं की मी टू-इन-वन टीव्हीच्या स्पीकरला टेकवायचो आणि प्ले-रेकॉर्ड एकदम दाबायचो. त्या टेपमध्ये दुसऱ्या कडव्याच्या आधी कुकरची शिट्टी आहे आणि "ताटं घ्या रे" अशी आईची हाक. आई २०११ साली गेली. तिचा आवाज असलेली घरात एवढीच एक वस्तू आहे.

ते गाणं ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या नंबरावर होतं आणि गायलंय थिया ऑस्टिनने, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या कॅसेटवर फक्त 'स्नॅप' लिहिलेलं असायचं. या गाण्यांना 'धिंगाणा' म्हणून मोडीत काढतात ते मला मनापासून खटकतं. ती तुमच्यापर्यंत कशी पोचली आणि गाणारं कोण हे कधी कळलं, ते लिहा. नुसत्या याद्या नकोत.

पुणे, तेव्हा बीडीएस (दंतवैद्यक) दुसरं वर्ष

आमच्या गॅदरिंगला आठ मुलींनी गायक डॉ. अल्बानच्या 'इट्स माय लाइफ'वर नाच बसवला होता. कॅसेटवाल्याला यादी दिली की तो नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट भरून द्यायचा. नाच अर्ध्यावर आला आणि डेकमध्ये टेप गुंतली. आवाज आधी जाडा झाला, मग बंद. आम्ही थांबलो नाही. त्या गाण्यात ठोका इतका सरळ, एक-दोन-तीन-चार, की पहिल्या रांगेतल्या पोरांनी टाळ्यांनी तो धरला आणि आम्ही शेवटपर्यंत नाचलो. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

'डॉक्टर' हे स्टेजपुरतं नाव असेल असं तेव्हा वाटायचं. पण तो नायजेरियातून स्टॉकहोमला खरोखर दंतवैद्यक शिकायला गेला होता, शिक्षणाच्या खर्चासाठी क्लबमध्ये रेकॉर्ड लावायचा आणि पुढे त्याने दवाखानाही चालवला. हे कळलं त्या दिवशी मी क्लिनिकमध्ये दिवसभर तेच गाणं लावलं.

फ्रँकफर्ट, मूळ चिंचवड

कंपनीने १९९३ च्या उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं. ज्या विमानतळावर उतरलो त्याच्याच पोटात 'डोरियन ग्रे' नावाचा क्लब होता. खरंच, टर्मिनलच्या आत. १९७८ पासून तिथे चालू होता. बरोबरचा जर्मन सहकारी एका शनिवारी घेऊन गेला. बॅगा ओढत चाललेली माणसं एका बाजूला आणि दाराआडून येणारा बेस, म्हणजे खर्जातला ठोका, दुसऱ्या बाजूला. आत गेल्यावर तो बेस कानाला नाही, बरगड्यांना लागला. घरी टेपवर ऐकलेल्या गाण्याचा हा अर्धा भाग मला माहीतच नव्हता. छोट्या स्पीकरमधून तो येतच नाही.

त्या उन्हाळ्यात सगळीकडे कल्चर बीट या ग्रुपचं 'मिस्टर व्हेन' होतं. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये, दोन्हीकडे पहिलं. त्यामागचा माणूस, टॉर्स्टन फेन्सलाउ, याच क्लबमध्ये डीजे होता. स्नॅपचे दोघे निर्मातेसुद्धा याच शहरातले. नोव्हेंबरमध्ये फेन्सलाउ मोटार अपघातात गेला. वय २९. मीही तेव्हा २९ चाच होतो. कँटीनमध्ये त्या दिवशी रेडिओवर तेच गाणं लागलं आणि आमच्या टेबलावर कुणी बोललं नाही.

दादर, साउंड-लाइटवाला

माझं पोटच या गाण्यांवर चाललं. आखातातल्या मावसभावाने 'रिदम इज अ डान्सर' आणि हॅडवेचं 'व्हॉट इज लव्ह' यांच्या बारा इंची रेकॉर्डी आणल्या. दोन्ही मिनिटाला साधारण १२४ ठोक्यांची. म्हणजे एक संपत असताना दुसरं खालून कधी आलं ते नाचणाऱ्याला कळायचंही नाही. हेडफोन एका कानाला, टेक्निक्स टर्नटेबलच्या पिचच्या (वेग कमी-जास्त करायच्या) पट्टीवर डाव्या हाताचं बोट, उजव्याने तबकडीची कड हलकेच दाबायची. दोन्हींचे ठोके एकावर एक बसले की खोलीतल्या खोलीत दार लागल्यासारखं वाटतं. हे यंत्र करतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं.

म्हापसा

गोवा म्हटलं की सगळे हणजुणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांचं ट्रान्स संगीत काढतात. ते जग वेगळं, रात्रीचं. आमच्याकडे ही गाणी लग्नाच्या बँडने आणली. 'ऑल दॅट शी वाँट्स'मधली ती शिटीसारखी सुरावट एक म्हातारे ट्रम्पेटवादक वाजवायचे, तेव्हा आमची आजी खुर्चीतून उठायची. एवढंच.

न्यू जर्सी, मूळ सोलापूर

मला लिहायला दोन दिवस लागले. शाळेत असताना गॅदरिंगचं गाणं मी विंगेत उभी राहून म्हणायचे आणि रंगमंचावर ओठ दुसरी मुलगी हलवायची. मी जाड होते, काळी होते. बाईंनी ते कारण माझ्यासमोरच आईला सांगितलं. तीन वर्षं असं चाललं.

इथे आल्यावर 'गॉना मेक यू स्वेट'ची गोष्ट वाचली. १९९१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलेलं गाणं. "एव्हरीबडी डान्स नाऊ" ही आरोळी मार्था वॉशची, 'इट्स रेनिंग मेन' गाणाऱ्या दोघींपैकी एक. व्हिडिओत मात्र दुसरी सडपातळ मुलगी ओठ हलवते. ब्लॅक बॉक्स या ग्रुपनेही मार्थाच्या आवाजावर दुसरीला उभं केलं. मार्था गप्प बसली नाही. कोर्टात गेली, तडजोडी झाल्या आणि तिचं नाव लागलं. रेकॉर्डवर खऱ्या गाणाऱ्याचं नाव लिहायची शिस्त त्यामुळे लागली असं मानतात. 'रिदम ऑफ द नाइट' व्हिडिओत दिसतं ओल्गा सूझाचं, गायलंय जोव्हाना बेर्सोलाने. मी ती गाणी लावते तेव्हा नाव मोठ्याने घेते. माझ्या मुलीला ती नावं पाठ आहेत. गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत मी पहिल्यांदा पुढे उभी राहून गायले.

दादर, साउंड-लाइटवाला

डोंबिवलीकर, ती टेप अशीच लावू नका. आधी कॅसेटच्या खालच्या उघड्या कडेला, मधल्या पत्र्यावर छोटा नमद्याचा (फेल्टचा) तुकडा असतो तो जागेवर आहे का बघा. तो गळाला असेल तर आवाज नीट येणार नाही. नसेल तर दुसऱ्या कॅसेटचा बसवू. मग एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवा. नाहीतर घेऊन या, माझा डेक चालू आहे.

डोंबिवली

काल दादरला गेलो होतो. नमदा गळालाच होता, त्यांनी बसवून दिला. पहिल्यांदा नीट स्पीकरवर ऐकली. शिट्टी, मग "ताटं घ्या रे", आणि त्याच्या मागे थिया ऑस्टिन. हाकेनंतर भांड्यांचा आवाजही आहे. तो मला आजवर ऐकूच आला नव्हता.