ड्रॅमॅटिक मोनोलॉगला ‘स्वगत’ म्हणायचं का?

एमएला व्हिक्टोरियन कविता आहे, त्यात ड्रॅमॅटिक मोनोलॉग, म्हणजे कवीऐवजी एकच पात्र बोलतं अशा कविता. नोट्समध्ये सगळीकडे ‘नाट्यात्म स्वगत’ लिहिलंय, वर्गात कोणी ‘एकपात्री’ पण म्हणतं. प्रश्न येतो तो या कवितांमधल्या स्त्री आणि सत्तेवर. नक्की कुठला शब्द वापरू?

—

एकपात्री नको, तो तिकीट लावून करायचा प्रयोग झाला. आणि स्वगत तर त्याहून नको, कारण स्वगत स्टेजवरच्या बाकीच्यांना ऐकू येत नाही असं धरून चालायचं असतं, आणि इंग्रज कवी ब्राउनिंगच्या ‘माय लास्ट डचेस’मध्ये (१८४२) सगळी मेख समोरचा ऐकतोय यातच आहे. फेराराचा ड्यूक, नव्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या माणसाला आधीच्या बायकोचं चित्र दाखवतोय, त्यावरचा पडदा माझ्याशिवाय कोणी सरकवत नाही हेही लगेच ऐकवतो. ती कुणाकडेही बघून हसायची, कुणी चेरीची फांदी आणून दिली तरी खूश, आणि ह्याचं नऊशे वर्षांचं घराणं पण तिच्या लेखी त्याच रांगेत, हे ह्याचं दुखणं. ‘मग मी हुकूम सोडले, हसणं थांबलं.’ बस, एवढंच सांगतो आणि जरा वेळात हुंड्यावर येतो! ५६ ओळींत त्या निरोप्याच्या तोंडी एक वाक्य नाही, तो बापडा दुसऱ्याचा नोकर, बोलणार काय. मला तर हा सरळसरळ नव्या नवरीला धाडलेला दम वाटतो.

याला जवळचा शब्द संस्कृत नाटकात पडून आहे, आकाशभाषित. भाण नावाच्या प्रकारात एकटा विट (गणिकांकडे उठबस असलेला रंगेल माणूस) स्टेजवर, न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो, ‘काय म्हणतेस?’ असं विचारून उत्तरही स्वतःच सांगतो. गणिका काय म्हणाल्या ते सगळं ह्याच्याच तोंडून कळणार, म्हणजे डचेसचीच गत.

—

मग ब्राउनिंगच्याच ‘पॉर्फिरियाज लव्हर’चं काय? तिथे ऐकायला आहे कोण?

—

बरोबर, तिथे कोणी नाही, शेवटी तो म्हणतो देवानेही अजून चकार शब्द काढला नाही. तिथे स्वगत म्हणालात तर मी भांडणार नाही. पण ती कविता सत्तेसाठी नीट वाचा. आधी सगळं तीच करते, वादळातून येते, दार लावते, विस्तव पेटवते, त्याचा हात स्वतःच्या कमरेभोवती घेते, त्याचा गाल आपल्या खांद्यावर टेकवते, आणि हा हाक मारली तरी गप्प. मग तिच्याच केसांनी तिचा गळा आवळतो आणि आता तिचं डोकं ह्याच्या खांद्यावर. तीच पोज, फक्त उलटी.

—

बायकांनी लिहिलेल्या कविता कोणी काढतच नाही का इथे? ऑगस्टा वेबस्टरची ‘अ कास्टअवे’ (१८७०) बघा, युलाली नावाची महागडी वेश्या आपल्या मुलगीपणातली डायरी चाळत एकटीच बोलते, अगदी शेवटी कोणीतरी भेटायला येतं तोवर समोर कोणी नाही. ड्यूकला श्रोता हुकमी मिळतो, हिला नाही. आणि एमी लेव्हीची ‘झँटिपी’ (१८८१), सॉक्रेटिसची बायको, जिला आपण फक्त कजाग म्हणून ओळखतो. नवरा आणि त्याचे शिष्य अस्पेशिया या अथेन्समधल्या हुशार बाईबद्दल बोलत असतात, बायकांना तत्त्वज्ञान झेपत नाही असं चाललेलं, आणि ही वाइन घेऊन आलेली, मध्येच तोंड उघडते, मग रागाने वाइनची कातडी पिशवी जमिनीवर आपटते. पुढे आयुष्यभर सूतकताई. पण हे सांगते कोणाला, तर दासींना! त्यांनाही बोलायची सोय नाही, ‘खिडकी उघडा, पटकन’ एवढा हुकूम ऐकायचा. स्त्रीच्या बाजूची कविता म्हणून शिकवतात, ती आहेच, पण दासींचं कोणी विचारत नाही.

—

हा दासींचा मुद्दा पेपरात टाका, मार्क मिळतील. शब्द ‘नाट्यात्म एकभाषित’ लिहा, आकाशभाषित लिहिलंत तर तपासणारा गोंधळेल.