नवे टायर टाकल्यापासून स्टिअरिंग वाकडं, गाडी मात्र सरळ जाते. मदत हवी आहे

धोमकाठचा
नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची स्विफ्ट, पेट्रोल, ४४ हजार किमी झालेत. गेल्या शनिवारी चारही टायर बदलले. माप तेच, १६५/८० आर १४. तिथेच बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतलं, त्याचे ५०० वेगळे. घरी येताना पाऊस होता, काही लक्षात आलं नाही. रविवारी वाईहून पुण्याला निघालो. खंबाटकीचा बोगदा मागे पडला, शिरवळच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला, तेव्हा दिसलं की गाडी सरळ चाललीय आणि स्टिअरिंग डावीकडे कललंय. मधला लोगो बघायला मान तिरपी करावी लागते. स्टिअरिंग हाताने सरळ केलं की गाडी हळूहळू उजवीकडे, डिव्हायडरकडे जाते.

घरी आल्यावर स्टिअरिंगच्या बरोबर मध्यावर पांढऱ्या टेपचा तुकडा लावला. दुसऱ्या दिवशी सरळ रस्त्यावर शेजारी बसलेल्या मुलाने मोबाइलमधल्या लेव्हलने मोजलं. सहा-सात अंश डावीकडे.

दुकानात परत गेलो तर म्हणाले, "नवीन टायर आहेत, पाचशे किलोमीटर चालवा, आपोआप बसेल." वर प्रिंटआउट दाखवला, सगळं हिरवं, म्हणजे मापात. जुने टायर असताना स्टिअरिंग एकदम सरळ होतं, हे मी शपथेवर सांगतो. टायर सदोष आहेत का? बदलून मागू का?

डिकी_भरून
आधी हवा बघा. एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला ३५ असेल तरी असले चाळे होतात. टायर बसवताना रिमवर पक्का बसावा म्हणून जास्त हवा मारतात आणि पुष्कळदा ती कमी करायचं विसरतात.

धोमकाठचा
बघितली. टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे केली. फरक शून्य.

घाटातला_ट्रॅफिक
सोपं आहे हो. स्टिअरिंग काढायचं, एक-दोन दाते फिरवून परत बसवायचं. आमच्या ८०० ला माझ्या वडिलांनी अंगणात केलं होतं, अर्ध्या तासात.

निवृत्त_फिटर
वरचा उपाय कृपा करून करू नका. ८०० च्या जमान्यात चालत होतं, कारण त्या स्टिअरिंगमागे हॉर्नच्या वायरीशिवाय काही नव्हतं. यांच्या गाडीत एअरबॅग आहे आणि स्टिअरिंगमागे गुंडाळलेली पट्टीसारखी केबल आहे, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. ती चुकीच्या जागी बसली की पूर्ण वळणावर ताणून तुटते. मग हॉर्न बंद आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा. शिवाय दुखणं खाली टाय रॉडमध्ये, म्हणजे पुढच्या चाकाला वळवणाऱ्या दांड्यात असेल तर वर स्टिअरिंग फिरवून ते झाकलं जातं, एवढंच. रॅक, म्हणजे दोन्ही टाय रॉड डावी-उजवीकडे सरकवणारी दात्यांची पट्टी, मध्यावरून सरकलेलीच राहते, एका बाजूला गाडी जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी.

धोमकाठचा साहेब, दोन प्रश्न. १) पूर्णपणे सपाट जागी स्टिअरिंग हलकं सोडलं तर गाडी त्याच वाकड्या स्टिअरिंगने सरळ जाते, की एका बाजूला ओढते? २) प्रिंटआउटवर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने असतील. त्यातले पुढच्या चाकांच्या टोचे, म्हणजे चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय त्याचे आकडे इथे टाका. मागच्या चाकांचेही टाका.

पाना_१४
टायरवर शंका असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा. टायरची घडण किंचित शंकूसारखी असेल तर गाडी ओढते, आणि टायर बदलल्यावर ती विरुद्ध बाजूला ओढायला लागते. बाजू बदलली तर टायर दोषी, नाही बदलली तर टायर निर्दोष. मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करायची नाही.

धोमकाठचा
बाण नाही, बदलून बघितले. स्टिअरिंग तेवढंच डावीकडे. साखर कारखान्याच्या रिकाम्या यार्डात हात सोडून बघितलं. ओढत नाही, वाकड्या स्टिअरिंगने मस्त नाकासमोर जाते.

प्रिंटआउटचे आकडे (अंश आणि मिनिटं, ६० मिनिटं म्हणजे एक अंश):
पुढे, आधी: डावं उणे ०°२०', उजवं उणे ०°२०'
पुढे, नंतर: डावं अधिक ०°०५', उजवं अधिक ०°०५'
मागे: डावं अधिक ०°०८', उजवं अधिक ०°१०'

आता हे बघून मला तरी दुकानदार बरोबर वाटतोय. दोन्हीकडे सारखंच तर आहे!

निवृत्त_फिटर
सारखं आहे म्हणूनच शंका येते. नीट सांगतो, चहा घेऊन बसा.

आधी मागचं. आठ आणि दहा, म्हणजे मागचा एक्सल जवळजवळ सरळ आहे. तो तिरका असता तर गाडी खेकड्यासारखी चालली असती आणि मागचं न बघता नुसतं पुढचं जुळवलं तर स्टिअरिंग वाकडंच राहिलं असतं. तुमच्या गाडीत मागचा टो सहजासहजी बदलताही येत नाही, त्यामुळे ही ब्याद टळली.

आता पुढचं. उणे म्हणजे चाकांची तोंडं बाहेर फाकलेली. तुमच्या जुन्या टायरची आतली कड जास्त घासलेली होती ना? तेच कारण. दोन्ही बाजू सारख्याच फाकलेल्या, म्हणून तेव्हा स्टिअरिंग सरळ होतं. आता एकूण उणे ४० मिनिटांवरून अधिक १० मिनिटांवर आणायचं, म्हणजे ५० मिनिटांची दुरुस्ती. ती वाटून करायची असते: डाव्या टाय रॉडला २५, उजव्या टाय रॉडला २५, तेही स्टिअरिंग सरळ ठेवून, ते हलू नये म्हणून क्लॅम्प लावल्यावर. माझ्या अंदाजाने टायरच्या दुकानातल्या पोराने सगळे ५० डावीकडूनच काढले. तसं केल्यावर स्टिअरिंग सरळ असताना डावं चाक अधिक ३० दाखवतं आणि उजवं जिथल्या तिथे उणे २०. दोन्ही चाकांची तोंडं उजवीकडे. मशीनवर एक लाल, दुसरंही लाल. मग काय करायचं? स्टिअरिंगला डावीकडे एक हलका धक्का द्यायचा. दोन्ही चाकं २५ मिनिटं डावीकडे वळतात, दोन्ही अधिक ०५, स्क्रीन हिरवीगार. मारा प्रिंट.

२५ मिनिटं म्हणजे अर्ध्या अंशाहून कमी. पण चाक एक अंश वळायला स्टिअरिंग साधारण १५ अंश फिरवावं लागतं. २५ गुणिले १५ म्हणजे ३७५ मिनिटं, सव्वासहा अंश. तुमच्या मुलाने मोबाइलवर किती मोजलं होतं?

धोमकाठचा
सहा-सात!! काका, साष्टांग नमस्कार.

पण फक्त डावीकडूनच का करेल?

निवृत्त_फिटर
उजव्या टाय रॉडचा चेकनट, म्हणजे रॉड जागेवर घट्ट धरणारा नट, गंजून जाम असेल. तो सोडवायला वेळ जातो, शनिवारी बाहेर सहा गाड्या उभ्या. पिटमध्ये उतरून टॉर्च मारा. ज्या रॉडच्या आट्या चमकतायत आणि नटाला पान्याचे ताजे ओरखडे आहेत, तो हललाय. ज्यावर जुना चिखल तसाच आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही.

दुसरीकडे नेलंत तर "अलाइनमेंट करा" असं म्हणू नका. तो मशीनला लावेल, हिरवं दिसेल आणि पैसे घेऊन पाठवेल. "एकूण टो ठीक आहे, स्टिअरिंग मध्यावर आणा" असं सांगा. आता फक्त वाटणी बदलायचीय, भावकीत बदलतात तशी: डावीकडचे २५ काढून उजवीकडे द्यायचे. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थोडं हलवून मध्यावर आणायला लावा, मग क्लॅम्प. आणि तो काम करत असताना खुर्चीत बसून मोबाइल बघू नका.

पाना_१४
जोडीला टाय रॉड एंड (रॉडचं चाकाकडचं टोक) आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश पारीने हलवून बघायला सांगा. ढिले असतील तर आजचं अलाइनमेंट महिन्याभरात परत बिघडेल.

धोमकाठचा
अपडेट. काल साताऱ्यात दुसऱ्या गॅरेजला नेली. डावा रॉड चकचकीत, उजव्यावर गेल्या पावसाळ्यातला लाल चिखल. चेकनट खरंच जाम होता. मेकॅनिकने गंजावर मारायचा स्प्रे मारला, आम्ही अर्धा तास थांबलो, तरी हलेना. पुन्हा स्प्रे, पान्यात पाइप घालून दोघांनी जोर लावला तेव्हा 'कट्ट' असा आवाज आला आणि सुटला. मला वाटलं रॉडच तुटला. बुश, बॉल जॉइंट ठीक निघाले. स्टिअरिंग क्लॅम्प करून दोन्हीकडे काम केलं, ४५० घेतले. वाईपर्यंत येताना टेप बरोबर मध्यावर होती.

आता आधीच्या दुकानातून ५०० परत मागू का? टायर तिथूनच घेतलेत, पुढे वॉरंटीचं काही निघालं तर परत त्याच्याच दारात जायचंय.

डिकी_भरून
मागा की. दोन्ही प्रिंटआउट आणि चिखलवाल्या रॉडचा फोटो घेऊन जा. फोटो काढलाय ना?

धोमकाठचा
नट सुटायच्या आधी काढायला हवा होता. आता चिखल राहिला कुठे.