मावशी ‘जवळची नातेवाईक’ नाही हे ठरवतं कोण? बाकीच्या समाजांत नातं कशावरून धरतात?

रिकामी_ओंजळ
नमस्कार मंडळी, मी दोन वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मला मावशीनेच वाढवलं, शाळेच्या प्रगतिपुस्तकावरच्या सहीपासून तापात रात्रभर उशाशी बसण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. गेल्या महिन्यात ती गेली. ऑफिसात रजेचा अर्ज टाकला तर एचआरचं उत्तर आलं की जवळचे नातेवाईक म्हणजे आईवडील, जोडीदार आणि मुलं, मावशी त्यात बसत नाही. माझी वार्षिक रजा कापली, त्याचं एवढं काही नाही, पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय की ही यादी केली कोणी आणि कशावरून? आपल्या भाषेत तर सरळ म्हण आहे, माय मरो पण मावशी उरो. बाकीच्या समाजांत नातं कशावरून धरतात, रक्तावरून, वाढवण्यावरून, की एका छपराखाली राहण्यावरून? कोणी मानववंशशास्त्र वाचलं असेल तर प्लीज सोप्या भाषेत सांगा.

उलटी_वही
वाचून फार वाईट वाटलं, सांभाळा स्वतःला.

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या एका वकिलाला पडला होता, लुईस हेन्री मॉर्गन. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका लोकांमध्ये (हे इरोक्वॉ समूहातले) त्याला दिसलं की तिथे आईच्या बहिणीला आईचाच शब्द वापरतात आणि बापाच्या भावाला बापाचाच, त्यामुळे त्यांची मुलं ही सख्ख्या भावंडांसारखीच धरली जातात, पण मामा आणि आत्याला वेगळे शब्द आणि त्यांच्या मुलांनाही वेगळे. त्याला आधी वाटलं हे फक्त यांच्यातच असेल, मग त्याने जगभर मिशनरी लोकांना प्रश्नावल्या पाठवल्या आणि तमिळ भाषेतून जवळपास तशीच मांडणी हाती आली! दोन समाजांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. १८७१ मध्ये त्याने हे सगळं छापलं आणि नात्यांचा अभ्यास खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

कन्नडमध्ये आईच्या थोरल्या बहिणीला दोड्डम्मा आणि धाकटीला चिक्कम्मा म्हणतात, म्हणजे मोठी आई आणि छोटी आई. आपला मावशी शब्दसुद्धा संस्कृत मातृष्वसा वरून आलाय, मातेची बहीण, आई त्या शब्दातच बसलेली आहे. इंग्रजीत मात्र मावशी, आत्या, काकू, मामी चौघी एकाच ‘आंट’मध्ये जातात. तुमच्या एचआरची यादी त्याच पद्धतीतली आहे, जिथे आईबाप आणि मुलं एवढं घर वेगळं काढतात आणि बाहेरचे सगळे एका गठ्ठ्यात टाकतात. जगातल्या अनेक पद्धतींपैकी ही एक, पण ऑफिसचे नियम तिच्यावर बेतलेले असल्यामुळे आपल्याला ती निसर्गनियम वाटायला लागते.

एक गैरसमज मात्र नको. सेनेका मुलाला आपली जन्मदाती कोण हे नीट माहीत असायचं. मावशीलाही आईचा शब्द याचा अर्थ असा की तिच्याशी आईसारखं वागायचं आणि तिनेही तसंच वागायचं.

पाणकळा
मला मामाबद्दल लिहायचंय कारण मामा हा माझा आवडता विषय आहे 🙂 चीनमध्ये युन्नान आणि सिचुआनच्या सीमेवर लुगू सरोवराच्या काठी मोसुओ लोक राहतात, त्यांच्यात जुन्या रीतीप्रमाणे पुरुष रात्री जोडीदारणीच्या घरी जातो आणि सकाळी परत स्वतःच्या आईच्या घरी येतो, मूल आईच्या घरात वाढतं आणि तिथले पुरुष म्हणजे त्याचे मामे, त्यामुळे पुरुष रोज ज्या पोरांना अंगाखांद्यावर खेळवतो ती बहिणीची असतात. पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर पण वंश आईकडून चालतो, मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे राहिला होता आणि त्याने लिहून ठेवलंय की तिथे बाप लाड करणारा आणि शिस्त, अधिकार मामाकडे, शिवाय पुरुष आपल्या शेतातल्या सुरणासारख्या कंदांचा मोठा वाटा बहिणीच्या घरी पोचवतो. आपल्याला बाप या शब्दात जे जे अपेक्षित असतं ते तिथे दोन माणसांत वाटलेलं आहे, तसंच आई या शब्दातलं तुमच्याकडे दोघींत वाटलं गेलं असं मला तुमची पोस्ट वाचताना वाटलं.

सूक्ष्मदर्शी
थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. सगळं समाजानेच ठरवलंय असंही नाही. १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने गणित मांडलं की जितकं रक्ताचं नातं जवळचं तितकी एकमेकांसाठी झीज सोसण्याची वृत्ती उत्क्रांतीत टिकायची शक्यता जास्त. सख्ख्या मावशीत आणि भाचीत सरासरी पाव हिस्सा जनुकं सामाईक असतात. म्हणजे शुद्ध रक्ताच्या हिशोबाने बघितलं तरी मावशी ‘लांबची’ ठरत नाही, तुमची यादी जीवशास्त्रातही बसत नाही.

अर्धी_पायवाट
@सूक्ष्मदर्शी मुद्दा मान्य, पण त्या गणितात न बसणारी उदाहरणं कुठे ठेवायची? दक्षिण सुदानच्या नुएर लोकांत मूल न होणारी बाई स्वतः गुरं देऊन दुसऱ्या बाईशी लग्न करू शकायची आणि होणाऱ्या मुलांचा ‘बाप’ म्हणून तीच धरली जायची. एखादा माणूस मूलबाळ नसताना मेला तर त्याचा भाऊ त्याच्या नावाने लग्न करायचा आणि मुलं मेलेल्याची. इस्लाममध्ये दुधाचं नातं आहे, एकाच बाईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं ठरतात आणि त्यांचं आपसात लग्न होत नाही, रक्ताचा थेंबही सामाईक नसला तरी. जपानमध्ये जावयाला मुलगा म्हणून दत्तक घेतात, मोठ्या वयात, घराचं नाव आणि धंदा चालू राहावा म्हणून.

पण नात्याचा पसारा मोठा असला की सगळं गोड असतं असं नाही हेही बोलायला हवं. केरळात नायरांच्या तरवाडात म्हणजे एकत्र कुटुंबात वंश आईकडून चालायचा, पण मिळकतीचा कारभार कारणवराच्या म्हणजे थोरल्या पुरुषाच्या हातात, आणि पुढे त्याच घरातल्या तरुणांनी वाटणी मागितली. मद्रास प्रांतात १९३३ च्या कायद्याने तो हक्क मिळाला आणि केरळने १९७५ मध्ये कायदा करून एकत्र कुटुंबाची मालकीच रद्द केली. जे नातं सांभाळतं तेच अडकवतंही, हे त्या पोरांनी भोगलं होतं.

आणि @रिकामी_ओंजळ, खास तुमच्यासाठी: टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर मूल नात्यातल्याच दुसऱ्या घरी कायमचं देण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे. वाढवणारे एक आणि कागदावर दुसरेच, त्यामुळे जन्मदाखल्यापासून वारसापर्यंत सगळीकडे अडचण. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याने २०२० मध्ये कायदा करून या नात्याला मान्यता दिली. म्हणजे यादी बदलता येते.

रिकामी_ओंजळ
सगळ्यांचे मनापासून आभार. दोड्डम्मा, चिक्कम्मा वाचून रडू आलं, ती आईपेक्षा धाकटी होती म्हणजे माझी चिक्कम्मा. @अर्धी_पायवाट त्या क्वीन्सलँडच्या कायद्यात नातं सिद्ध कसं करतात? फक्त सांगून चालतं का?

अर्धी_पायवाट
नाही, अर्ज करावा लागतो, त्यासाठी नेमलेला आयुक्त निर्णय देतो. जन्म देणाऱ्यांची आणि वाढवणाऱ्यांची संमती लागते, शिवाय ती रीत आणि ते घर माहीत असलेली माणसं लेखी निवेदन देतात.

रिकामी_ओंजळ
मग ऑफिसला हेच मागते. यादीत मावशी हा एक शब्द वाढवा असं म्हणणार नाही, कारण उद्या कोणाला आजोबांनी वाढवलेलं असेल, कोणाला शेजारच्या काकूंनी. ‘जिने किंवा ज्याने वाढवलं ती व्यक्ती’ असं लिहा आणि खात्री करायला ओळखीच्या दोघांची निवेदनं घ्या. माझ्यासाठी माझ्या बालवाडीच्या बाई लिहून द्यायला तयार आहेत, आज सकाळीच फोन केला त्यांना. मसुदा झाला की इथे टाकते, वाचून सुचवा.