नाव गाळून पुढे ढकललेले गाणे

दुपारचा सारंग (धागाकर्ता)

परवा एका संगीतप्रेमी समूहात एका सभासदांनी लिहिले की, ज्याला तीन तास मांडी घालून बसायला वेळ आहे त्याने खुशाल बसावे, पण चाळीस सेकंदांच्या रील्सनी शास्त्रीय संगीत जेवढ्या घरांत नेले तेवढे मैफलींनी कधीच नेले नाही, आणि गायकाचे व रागाचे नाव लिहिण्याचा आग्रह ही निव्वळ जाणकारांची मिरासदारी आहे. सोबत नमुना म्हणून एक चित्रफीत होती. जुने कृष्णधवल छायाचित्र, त्यावर 'अंगावर काटा येईल, शेवटपर्यंत ऐका' ही अक्षरे, आणि शुद्ध कल्याण रागातली एका गायिकेची तान. तान मुखड्याकडे, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीकडे वळते, तबलजी समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची तयारी करतो, आणि समेच्या दोन मात्रा आधी तुकडा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मी तो पाच वेळा ऐकला आणि पाचही वेळा सम आली नाही. कोण गायले, कुठे गायले, उरलेले गाणे कुठे मिळेल, यातले काहीही कुठे लिहिलेले नव्हते.

समूहात उत्तर लिहायला घेतले, पण ते मावेना, म्हणून हा धागा. चांगले गाणे दुसऱ्याला ऐकवावेसे वाटणे यासारखी निर्मळ इच्छा नाही, आणि तिच्यावर माझा आक्षेपही नाही. आक्षेप आहे तो नाव कापून टाकण्यावर. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत असत. तरीही गाण्याच्या शेवटी त्या आपले नाव उच्चारत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या माणसांना गाणे कोणाचे ते कळणे आवश्यक असे. तीन मिनिटांत ज्यांना नावासाठी जागा सापडली, त्यांच्या गाण्यावर जगणाऱ्या आपल्याला एक ओळ लिहिणे जड का जावे?

शारजावासी

तो मजकूर माझाच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. माझ्या माहेरी गाण्याचे वातावरण नव्हते. लग्नानंतर इथे आले, आणि काही वर्षांपूर्वी एका दुपारी पोळ्या लाटताना कोणीतरी पाठवलेला असाच एक बिननावाचा तुकडा वाजला. लाटणे हातात तसेच राहिले आणि तव्यावरची पोळी करपली. त्या तुकड्याचे बोट धरूनच मी पूर्ण मैफलींपर्यंत पोहोचले, आणि आज सेहेचाळिसाव्या वर्षी दर गुरुवारी मिरजेच्या बाईंकडून व्हिडिओ कॉलवर यमन शिकते आहे. त्या दिवशी नाव असते तरी मला त्यातले काही कळले नसते. राहता राहिला तुकड्याचा प्रश्न, तर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवर किती पिढ्या वाढल्या, त्यांना कोणी तुकडे म्हटले नाही.

दुपारचा सारंग

आपली पोळी करपली याचा मला खरोखर आनंद आहे. परंतु खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांचा घाट स्वतः घडवला होता. कुठून उठायचे, रागाची बढत, म्हणजे विस्तार, किती करायची, कुठे थांबायचे, हे सारे त्यांनी ठरवले आणि म्हणून ती तबकडी छोटी असूनही पुरी आहे. रीलमध्ये कात्री गायकाच्या हाती नसते. ती ज्याच्या हाती असते त्याला टाळीची जागा तेवढी दिसते, म्हणून आलाप जातो, स्वर लावण्यातला विसावा जातो आणि फक्त तान उरते.

जुना स्पूल

थोडे अवांतर होईल, पण मूळ दुखणे रील नसून माल दाबून बसलेली माणसे हे आहे, असे माझे मत आहे. वडिलांच्या मागे आमच्या माळ्यावर एकेचाळीस स्पूल, म्हणजे ध्वनिफितींची रिळे, सापडले. एका खोक्यावर शिसपेन्सिलीने 'जेवणानंतर, बिहाग, मग अडाणा' एवढेच लिहिले होते. फितीवर पांढरी बुरशी चढली होती, ती मलमलीच्या कापडाने हात हात भर पुसत मी आठ महिने घालवले. बिहाग रागाचा द्रुत, म्हणजे जलद लयीचा, भाग रंगात येतो तिथे वडिलांना फीत उलटवावी लागली, त्यामुळे अर्धे मिनिट नाही, आणि पुढची बाजू सुरू होते तेव्हा कोणीतरी 'वाहवा' म्हणत असते. हे मी यूट्यूबवर पूर्ण चढवले. आमच्याच शहरात अशाच बैठकांचे मुद्रण कपाटात कुलूपबंद ठेवणारे आहेत, जे मागितले तर एका रागाच्या बदल्यात दुसरा राग मागतात. ते साठेबाज आहेत.

गुरुगृहीची

आपण ज्याला साठेबाजी म्हणता त्याला काही घरांत शब्द पाळणे म्हणतात. माझ्या गुरूंनी एका घरगुती बैठकीत ताप असताना यजमानांचे मन मोडू नये म्हणून गायले, आणि आधी स्पष्ट सांगितले होते की हे मुद्रित करू नका. कोणीतरी केले. गुरू गेल्यानंतर दोन वर्षांनी त्यातली नेमकी तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, आवाज फाटल्याची जागा कापून, 'मोठ्यांचीही फजिती होते' या मथळ्याखाली गावभर फिरली. ज्या स्वरासाठी त्यांनी चाळीस वर्षे पहाटे खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज केला त्या स्वराची ओळख हजारो लोकांना अशी झाली. गायिका केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाला नाखूष असत, त्यामागचे शहाणपण मला त्या दिवशी समजले.

जुना स्पूल

आपल्या गुरूंच्या बाबतीत जे झाले ते नीचपणाचे आहे, पण एका नीच माणसामुळे एकेचाळीस खोकी कुजू द्यायची का? आपण शब्द पाळता म्हणजे नेमके काय करता? ऐकणारे म्हातारे होऊन जातात, फीत चिकटते, आणि शेवटी सून रद्दीवाल्याला बोलावते. हे मी दोन घरांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

गुरुगृहीची

माझ्या सुनेपर्यंत जाण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्या वडिलांनी त्या गायकांची परवानगी घेतली होती का, एवढेच सांगावे.

जुना स्पूल

सून मी सर्वसाधारण अर्थाने लिहिले होते, तो शब्द मागे घेतो. परवानगीचे मला माहीत नाही, आणि विचारावे असे आता दोघांपैकी कोणीही राहिलेले नाही. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्यात ६० वर्षांनी संपतो, पण घरातल्या बैठकीला तो हिशेब सरळ लागू होत नाही, हे मान्य करणे मला भाग आहे.

शारजावासी

केसरबाईंचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. त्यांचे मुद्रण झालेच नसते तर १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यात भारताकडून काय गेले असते? तिथेही त्यांची साडेतीन मिनिटांचीच भैरवी आहे.

दुपारचा सारंग

आहे, आणि त्या तबकडीतल्या संगीताच्या यादीत सूरश्री केसरबाई केरकर हे नाव बिरुदासकट आहे. सूर्यमालेबाहेर पाठवताना जे नाव लिहिले गेले ते आपण शेजारच्या इमारतीत पाठवताना गाळतो.

संबळ

इतका वेळ वाचतो आहे. आपण सर्वजण यमन आणि बिहाग यांच्यापलीकडे जात नाही, म्हणून लिहिणे भाग पडले. माझे मामा गोंधळी आहेत. अंबाबाईवरचे एक पद त्यांनी स्वतः बांधले, आजी आजारी असताना तिच्या उशाशी बसून. एका लग्नाच्या गोंधळात कोणीतरी मोबाईलवर ते टिपले आणि 'पारंपरिक, कवी अज्ञात' असे लिहून सोडून दिले. लाखो लोकांनी पाहिले, त्याचे डीजेवर वाजणारे रूप निघाले, मामांना एक पैसा मिळाला नाही. मागच्या माघात दुसऱ्या गावच्या यजमानांनी त्यांना विचारले, 'ते रीलवरचे गाणे तुम्हाला येते का?' मामांनी संबळ खाली ठेवला, पाणी मागितले, आणि मग येते म्हणाले. शास्त्रीय गायकाचे नाव गाळले तर ओळखणारे दहा जाणकार तरी भेटतात. आमच्या माणसाचे नाव एकदा गळले की तो जिवंतपणी 'परंपरा' होतो.

शारजावासी

यावर माझ्याकडे उत्तर नाही. नावाचा आग्रह ही जाणकारांची मिरासदारी आहे, हे माझे वाक्य मी मागे घेते, आणि ते आपल्या मामांमुळे घेते, धागाकर्त्यांच्या हॅनोव्हरमुळे नव्हे. तुकडे पाठवणे मात्र मी थांबवणार नाही. मला जे मिळाले ते दुसऱ्या कोणाला अशाच दुपारी मिळावे असे मला वाटते. यापुढे नाव शोधून लिहीन, आणि सापडले नाही तर 'अज्ञात' न लिहिता 'मला माहीत नाही' असे लिहीन. मामांचे नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवावे, तो तुकडा मी तीन समूहांत पाठवलेला आहे.

गुरुगृहीची

कपाटातले मुद्रण बाहेर येऊ नये हे माझे मत बदललेले नाही. फक्त गुरूंच्या घरच्यांशी बोलून, त्यांनी स्वतः पसंत केलेल्या दोन मैफली एखाद्या संग्रहालयाकडे द्याव्यात का, याचा विचार मी करते आहे. यापेक्षा अधिक कबुली माझ्याकडून घेऊ नये.

जुना स्पूल

मीही खोकी पुन्हा काढली आहेत. ज्या गायकांचे वारस सापडतील त्यांना आधी ऐकवून मगच यापुढचे चढवीन. बिहागाच्या त्या मुद्रणात तबल्याच्या साथीला कोण आहे ते अजून लागलेले नाही. डाव्याचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा खोल आहे, आणि तिहाईनंतर, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर आल्यावर, ते स्वतःच हलकेच हसतात. कोणाला हातावरून ओळख पटली, तर वर्णनात त्यांचे नाव घालता येईल.